डिस्क वाढवली तरी डीएफमध्ये तेवढीच दिसते? एलव्हीएममध्ये जागा कुठे अडकली ते असं शोधा

लक्षण सगळीकडे सारखंच असतं. सर्व्हरचा रूट (मुख्य फाइलसिस्टम, /) १०० टक्के भरला, डेटाबेसने लिहिणं बंद केलं, ॲपवाले बोंबलायला लागले, मग व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या टीमला तिकीट टाकलं, त्यांनी ५० जीबीची डिस्क १०० केली आणि तिकीट बंद करून मोकळे झाले. इकडे तुम्ही डीएफ (किती जागा भरली, किती मोकळी ते दाखवणारी कमांड) मारलं तर आकडा जसाच्या तसा. रीबूट करून बघितलं तरी तोच. मग तिकीट परत उघडायचं, ते म्हणणार आमच्याकडून वाढवलीये, तुम्ही म्हणणार आमच्याकडे दिसत नाही, आणि गंमत म्हणजे दोघंही खरंच बोलत असतात.

हा प्रॉब्लेम दर काही महिन्यांनी कुणीतरी घेऊन येतंच म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये अर्थातच नेहमीच्या अक्षरांत टाकायच्या. उदाहरण उबुंटू सर्व्हर २२.०४ चं घेतोय, रेड हॅट, रॉकी वगैरेंमध्ये जिथे फरक पडतो तिथे सांगतो.

मुळात एलव्हीएम (लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर, डिस्कची जागा वाटून देणारी लिनक्सची व्यवस्था) असलं की डिस्क आणि डीएफ यांच्या मध्ये बरेच थर येतात. सगळ्यात खाली डिस्क, तिच्यावर पार्टिशन, पार्टिशनवर फिजिकल व्हॉल्यूम, असे एक किंवा जास्त फिजिकल व्हॉल्यूम मिळून व्हॉल्यूम ग्रुप, त्या ग्रुपमधून कापून काढलेला लॉजिकल व्हॉल्यूम आणि त्याच्यावर फाइलसिस्टम. डीएफला दिसते ती फक्त सगळ्यात वरची फाइलसिस्टम. खालचा थर वाढला म्हणून वरचा आपोआप वाढत नाही, प्रत्येकाला वेगळं सांगावं लागतं (अपवाद फक्त व्हॉल्यूम ग्रुपचा, फिजिकल व्हॉल्यूम वाढला की तो स्वतःच वाढतो). म्हणून कुठलीतरी कमांड कुठूनतरी कॉपी करून मारायच्या आधी जागा नेमकी कुठल्या थरावर थांबलीये ते बघायचं. बघायला पाच कमांड पुरतात (क्रमाने डिस्क आणि पार्टिशन, फिजिकल व्हॉल्यूम, व्हॉल्यूम ग्रुप, लॉजिकल व्हॉल्यूम, फाइलसिस्टम दाखवणाऱ्या) आणि त्यातली एकही काही बदलत नाही, म्हणजे प्रॉडक्शनवर भर दुपारी मारल्या तरी चालतं:

एलएसबीएलके
सुडो पीव्हीएस
सुडो व्हीजीएस
सुडो एलव्हीएस
डीएफ -एचटी

आता ५० ची १०० केलेल्या मशीनवर एलएसबीएलकेचं आउटपुट साधारण असं दिसतं:

एसडीए १००जी डिस्क
├─एसडीए१ १एम
├─एसडीए२ २जी /बूट
└─एसडीए३ ४८जी
  └─उबुंटू--व्हीजी-उबुंटू--एलव्ही २४जी /

हे नीट वाचा. डिस्क १०० झालीये, तिसरं पार्टिशन अजून ४८ वरच आहे, हे तर समजलं. पण रूट २४ चा का? म्हणजे डिस्क वाढवायच्या आधीसुद्धा ४८ पैकी २४ जीबी व्हॉल्यूम ग्रुपमध्ये नुसते पडून होते! आडात भरपूर आहे पण पोहऱ्यात येत नाही असला प्रकार. उबुंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर एलव्हीएम निवडलं की सगळी जागा रूटला देतच नाही. जागा १० जीबीपेक्षा कमी असेल तर सगळी देतो, १० ते २० मध्ये असेल तर १० देतो, २० ते २०० मध्ये निम्मी, आणि २०० च्या वर कितीही असली तरी १००. बाकीची नंतर वाढवायला आणि स्नॅपशॉटसाठी (त्या क्षणाच्या स्थितीची प्रत) राखून ठेवतो. विचार चांगला आहे पण इन्स्टॉल करताना स्टोरेजच्या स्क्रीनवर नेक्स्ट नेक्स्ट करत जाणाऱ्याला ते दिसतच नाही, आणि मग ५०० जीबीच्या डिस्कवर रूट १०० जीबीत भरला म्हणून लोक नवीन डिस्क मागतात. त्यामुळे तिकीट टाकायच्या आधी व्हीजीएसमधला व्हीफ्री हा कॉलम बघा. तिथे शून्य नसेल तर तुम्हाला कुणाचीच गरज नाही, सरळ खाली लॉजिकल व्हॉल्यूमच्या भागावर जा.

व्हीफ्री खरंच शून्य असेल तर खालून वर यायचं.

पहिला थर, डिस्क. एलएसबीएलकेमध्ये डिस्कच अजून ५० दिसत असेल तर कर्नलला बदल कळलेला नाही. रीबूटने कळेल, पण रीबूट लागत नाही:

इको १ | सुडो टी /सिस/क्लास/ब्लॉक/एसडीए/डिव्हाइस/रीस्कॅन

मध्ये टी कमांड का घातलीये, तर सुडो इको करून बाणाने त्या फाइलमध्ये पाठवलं की परमिशन डिनाइड येतं, कारण तो बाण सुडो चालवत नाही, तुमचा स्वतःचा शेल चालवतो. डिस्कचं नाव व्हीडीए असेल, म्हणजे व्हर्टआयओ ब्लॉक (व्हर्च्युअल मशीनसाठीचा डिस्कचा प्रकार), तर बहुतेक वेळा हे काहीच करावं लागत नाही, तिला लगेच कळतं. आणि व्हर्च्युअल मशीनवाली टीम म्हणत असेल की साइझ बदलायचा रकानाच बंद दिसतोय, तर व्हीएमवेअरवर त्या मशीनचा एखादा जुना स्नॅपशॉट पडलाय का ते बघायला सांगा, स्नॅपशॉट असताना डिस्क वाढवता येत नाही. यावरून क्रमसुद्धा ठरतो: आधी डिस्क वाढवायची, मग सुरक्षिततेसाठी स्नॅपशॉट घ्यायचा, मग आतले थर वाढवायचे, आणि सगळं नीट चाललं की तो स्नॅपशॉट आठवणीने काढायचा नाहीतर पुढच्या वेळी परत तिथेच अडकाल.

दुसरा थर पार्टिशनचा, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात.

सुडो ग्रोपार्ट /डेव्ह/एसडीए ३

एसडीए आणि ३ च्या मध्ये स्पेस आहे, ती टायपिंगची चूक नाही. ग्रोपार्टला डिस्क आणि पार्टिशनचा नंबर वेगवेगळे द्यायचे असतात, एसडीए३ असं जोडून दिलं तर तो नुसता भांडतो. उबुंटूत हे क्लाउड-गेस्ट-युटिल्स पॅकेजमधून येतं आणि सर्व्हरवर बहुधा आधीच असतं, रेड हॅटच्या घरात पॅकेजचं नाव क्लाउड-युटिल्स-ग्रोपार्ट. नोचेंज असा मेसेज आला तर दोनपैकी एक कारण, एकतर पार्टिशन आधीच शेवटपर्यंत वाढलेलं आहे किंवा त्याच्या लगेच पुढे दुसरं पार्टिशन बसलंय. पार्टिशन फक्त आपल्या लगेच पुढच्या सलग मोकळ्या जागेतच वाढू शकतं, मधलं कुणी सरकून जागा देत नाही.

आता रूट अगदी १०० टक्के भरलेला असेल तर ग्रोपार्ट स्वतःच नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस म्हणून पडतो, कारण त्याला टीएमपीमध्ये (तात्पुरत्या फाइलींची जागा) एक छोटा फोल्डर बनवायचा असतो आणि तेवढीही जागा नसते. जागा वाढवायला जागा हवी, आता बोला. अशा वेळी टीएमपीवर तात्पुरती मेमरीतली फाइलसिस्टम चढवायची:

सुडो माउंट -टी टीएमपीएफएस टीएमपीएफएस /टीएमपी

काम झालं की लगेच अनमाउंट करा, कारण ती चढलेली असेपर्यंत टीएमपीमधल्या जुन्या फाइली आणि सॉकेट (प्रोग्रॅम एकमेकांशी बोलायला वापरतात त्या खास फाइली) झाकलेले राहतात आणि एखादं ॲप तिथला सॉकेट शोधत बसेल. ग्रोपार्ट मशीनवर नसेल आणि इन्स्टॉल करायलाच जागा नसेल तर आधी थोडी साफसफाई, सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम आणि सुडो एपीटी क्लीन या दोघांनी बऱ्याचदा काही शे एमबी तरी सुटतात आणि दोन्ही निरुपद्रवी आहेत.

जुन्या मशीनवर पार्टिशन टेबल (डिस्कवरच्या पार्टिशनची यादी) एमबीआर या जुन्या प्रकारचं असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक म्हणजे एलव्हीएम एसडीए५ वर असेल तर ते एसडीए२ या एक्स्टेंडेड पार्टिशनच्या पोटात आहे, आधी २ वाढवायचं मग ५, थेट ५ वाढवायला गेलात तर नोचेंज. दुसरं म्हणजे एमबीआरला २ टीबीच्या पुढचं मोजताच येत नाही, ५१२ बाइटचे सेक्टर आणि ३२ बिटांचा आकडा, हिशेब तिथेच संपतो, त्याच्या वर हवं असेल तर जीपीटी हा नवा प्रकार किंवा दुसरी डिस्क.

काही ठिकाणी अजून एफडिस्कने पार्टिशन डिलीट करून परत बनवायची पद्धत सांगतात. चालते ती, पण सुरुवातीचा सेक्टर जुन्यासारखाच असला पाहिजे, आणि शेवटी एफडिस्क विचारतो की इथे एलव्हीएमची सिग्नेचर सापडली, काढू का, तेव्हा नाही म्हणायचं. घाईत वाय दाबला तर फिजिकल व्हॉल्यूमची ओळखच पुसली जाईल. ग्रोपार्ट असताना हा धोका घ्यायचं काही कारण नाही. तसंच मोकळ्या जागेत एसडीए४ बनवून ते ग्रुपमध्ये जोडणारेही आहेत, तेही चालतं पण मग एसडीए३ कायमचं अडकलं, आणि दर वेळी एक नवीन पार्टिशन असं करत करत लसूण सोलल्यासारखी डिस्क होते.

तिसरा थर, फिजिकल व्हॉल्यूम:

सुडो पीव्हीरीसाइझ /डेव्ह/एसडीए३

इथे मात्र पार्टिशनचं नाव जोडून. एवढीच कमांड आहे आणि हीच सगळ्यात जास्त विसरली जाते. एलएसबीएलकेमध्ये एसडीए३ छान ९८ दिसतंय आणि व्हीजीएसमध्ये व्हीफ्री शून्य, अशी तक्रार आली की न बघता सांगता येतं की पीव्हीरीसाइझ राहिलं. फिजिकल व्हॉल्यूम पार्टिशनशिवाय पूर्ण डिस्कवरच बनवलेला असेल, म्हणजे पीव्हीएसमध्ये नुसतं /डेव्ह/एसडीबी दिसत असेल, तर मधला सगळा ग्रोपार्टचा प्रकार गळून पडतो, रीस्कॅन आणि पीव्हीरीसाइझ, संपलं. व्हर्च्युअल मशीनच्या डेटा डिस्कसाठी मला हेच आवडतं. यावर आक्षेप असा की पार्टिशन टेबल नसलेली डिस्क बघून कुणीतरी ती रिकामी समजेल, आक्षेप खोटा नाही, तुमच्या टीममध्ये कोणाकोणाकडे रूट युजरचे अधिकार आहेत त्यावर ठरवा.

चौथा थर, लॉजिकल व्हॉल्यूम:

सुडो एलव्हीएक्स्टेंड --रीसाइझएफएस --साइझ +२०जी /डेव्ह/उबुंटू-व्हीजी/उबुंटू-एलव्ही

मी मुद्दाम लांब पर्याय लिहिलेत. आखूड लिहायला गेलं की छोटा एल आणि कॅपिटल एल यांच्यात गडबड होते, कॅपिटल म्हणजे साइझ आणि छोटा म्हणजे एक्स्टेंट, एक एक्स्टेंट नेहमीच्या सेटिंगमध्ये ४ एमबीचा, त्यामुळे छोट्या एलला +२० दिलं की २० जीबी नाही तर ८० एमबी वाढतात आणि माणूस डीएफकडे बघत बसतो. अधिकचं चिन्हही विसरू नका. +२०जी म्हणजे आहे त्यात २० घाला, नुसतं २०जी म्हणजे एकूण २० करा, आणि आधीच २४ असेल तर एलव्हीएक्स्टेंड नवीन साइझ जुनीपेक्षा मोठी नाही म्हणून नकार देतो. नकार देतो हे नशीब समजा, हीच गडबड एलव्हीरीसाइझमध्ये केली तर तो खरंच कमी करायला निघतो, म्हणून वाढवायचं असेल तेव्हा एलव्हीएक्स्टेंडच वापरावं.

मॅपरच्या (लॉजिकल व्हॉल्यूम डिस्कसारखा दाखवणारा कर्नलचा भाग) नावात उबुंटू--व्हीजी असे दोन डॅश दिसतात त्याने गोंधळू नका. मॅपर ग्रुप आणि व्हॉल्यूमच्या नावामध्ये एक डॅश टाकतो, म्हणून नावातला मूळचा डॅश दुप्पट करून दाखवतो. वरच्या कमांडमध्ये दिलाय तो एका डॅशचा पत्ताही तिथेच जातो.

रूट ठासून भरलेला असेल तर इथेही एक अडथळा येऊ शकतो. एलव्हीएम प्रत्येक बदलाच्या आधी जुन्या रचनेची प्रत /ईटीसी/एलव्हीएम/अर्काइव्हमध्ये लिहितो आणि तिथे जागा नसली की पुढे सरकत नाही. त्याच कमांडला --ऑटोबॅकअप एन जोडा म्हणजे प्रत न लिहिता काम करेल, आणि जागा झाल्यावर सुडो व्हीजीसीएफजीबॅकअप मारून प्रत परत करून ठेवा.

पाचवा थर म्हणजे फाइलसिस्टम. --रीसाइझएफएस दिलं असेल तर ही पायरी आपोआप झाली. विसरला असाल तर एलव्हीएसमध्ये ४४ आणि डीएफमध्ये अजून २४ असं दिसेल, आणि एलव्हीएक्स्टेंड परत मारून उपयोग नाही, थेट फाइलसिस्टम वाढवायची. डीएफ -एचटीमध्ये टाइप बघा. ईएक्सटी४ असेल तर

सुडो रीसाइझ२एफएस /डेव्ह/उबुंटू-व्हीजी/उबुंटू-एलव्ही

आणि एक्सएफएस असेल तर

सुडो एक्सएफएस_ग्रोएफएस /

पहिल्याला डिव्हाइस द्यायचं, दुसऱ्याला माउंट पॉइंट. एक्सएफएसवर रीसाइझ२एफएस मारलं की बॅड मॅजिक नंबर इन सुपरब्लॉक असा भयानक मेसेज येतो आणि नवीन माणसाच्या तोंडचं पाणी पळतं की डेटा गेला. काही गेलेलं नसतं, चुकीच्या दाराची बेल वाजवली एवढंच. रेड हॅट ७ पासून तिकडे डिफॉल्ट एक्सएफएस आहे, त्यामुळे उबुंटूची सवय असलेले तिथे हमखास हे बघतात. दोन्ही प्रकार चालू सर्व्हरवर, अनमाउंट न करता वाढतात.

हे सगळं करूनही दोन महिन्यांनी परत तेच तिकीट का येतं, त्याचं एक कारण बऱ्याच ठिकाणी कॉपी-पेस्ट होणारी --एक्स्टेंट्स +१००%फ्री ही कमांड. सगळं एका झटक्यात रूटला देऊन टाकायचं. मला ते अजिबात पटत नाही. वाढवायला एक कमांड लागते, कमी करायला मात्र ईएक्सटी४ अनमाउंट करावी लागते, रूट असेल तर रेस्क्यूमधून बूट करावं लागतं, आणि एक्सएफएस तर कमी करण्याचा विचारच सोडा. सेंटओएस ७ वर मोठी डिस्क असली की ऑटोमॅटिक पार्टिशनिंग रूटला ५० जीबी देऊन उरलेली सगळी होमला देऊन टाकायचं, दोन्ही एक्सएफएस, मग सर्व्हरवर ४०० जीबीचा रिकामा होम आणि तुंबलेला रूट अशी अवस्था, आणि उपाय काय तर होमचा बॅकअप घ्या, तो व्हॉल्यूम उडवा, लहान बनवा, परत भरा. म्हणून आज गरज १० ची असेल तर १५ द्या, बाकी व्हॉल्यूम ग्रुपमध्ये राहू दे. रात्री दोन वाजता अलर्ट आला तर तुमच्या हातात एक कमांड असते, व्हर्च्युअलायझेशनवाल्याला उठवावं लागत नाही.

दुसरं कारण, भरतंय काय ते कुणी बघितलंच नाही. डीएफ १०० टक्के आणि डीयूने (फाइलींची बेरीज करणारी कमांड) सगळं मिळून निम्मंच भरत असेल तर डिलीट केलेली पण अजून कुठल्यातरी प्रोसेसने धरून ठेवलेली फाइल शोधा, सुडो एलएसओएफ +एल१ (हा एल कॅपिटल). बहुतेक वेळा कुणीतरी भलीमोठी लॉग फाइल आरएमने उडवलेली असते, सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा सुटते. जागा दिसतेय तरी फाइल बनत नाही असं असेल तर डीएफ -आय, आयनोड (प्रत्येक फाइलमागे एक लागणारी नोंद) संपलेत, सेशनच्या किंवा मेलच्या लाखो चिमुकल्या फाइली असतात कुठेतरी. ईएक्सटी४ वाढली की आयनोडही त्या प्रमाणात वाढतात खरे, पण कचरा तसाच राहिला तर तेही भरतील. डॉकर (ॲप वेगवेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) असेल तर कंटेनरचे लॉग मूळ सेटिंगमध्ये कितीही वाढतात, मॅक्स-साइझ लावा, आणि लक्षात ठेवा की ते फक्त नव्याने बनवलेल्या कंटेनरना लागू होतं, जुने परत बनवावे लागतात. डॉकर किंवा डेटाबेसला वेगळा लॉजिकल व्हॉल्यूम द्या म्हणजे तो भरला तरी रूट जिवंत राहतो आणि तुम्हाला लॉगिन तरी करता येतं.

आणि भरलेलं /बूट असेल तर या लेखाचा काही उपयोग नाही, वरच्या चित्रात बघा, ते एलव्हीएमच्या बाहेरच आहे. सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह करून जुने कर्नल काढा.

डिस्क वाढवण्याऐवजी दुसरी डिस्क जोडून मिळाली असेल तर सुडो व्हीजीएक्स्टेंड उबुंटू-व्हीजी /डेव्ह/एसडीबी, आणि पुढे चौथ्या थरापासून सगळं तेच. पण रूटचा ग्रुप दोन डिस्कवर पसरला की दोन्हींपैकी कुठलीही एक गेली तरी रूट गेला, म्हणून डेटासाठी वेगळी डिस्क आली असेल तर तिचा वेगळा ग्रुप बनवलेला बरा. रेड हॅट ९ आणि त्याच्या भावंडांवर आणखी एक गंमत, तिथे एलव्हीएम फक्त /ईटीसी/एलव्हीएम/डिव्हाइसेसमधल्या यादीत असलेल्या डिस्ककडेच बघतो. दुसऱ्या मशीनवरून काढून आणलेली डिस्क एलएसबीएलकेमध्ये दिसते पण पीव्हीएसमध्ये नाही असं झालं तर सुडो एलव्हीएमडिव्हाइसेस --ॲडडेव्ह /डेव्ह/एसडीबी, मग दिसेल.

एवढं करूनही अडलात तर विचारताना वरच्या पाचही कमांडचं पूर्ण आउटपुट द्या, कापून नको आणि मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढून तर अजिबात नको, टेक्स्ट टाका. आणि रीस्कॅनपासून पुढे आत्तापर्यंत काय काय मारून झालंय तेही लिहा, हिस्टरी कमांडमध्ये सगळं असतं.